जवारी कोण काढणार?

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांची ओळख विचारली, तर माणसे ऊस, हळद, द्राक्षे, साखर कारखाने आणि सैन्यात गेलेली मुले यांची नावे घेतात. कलेचा विषय निघालाच तर ५ नोव्हेंबर १८४३ या दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत केलेल्या 'सीता स्वयंवरा'ची आठवण निघते आणि तिथेच विषय संपतो. पण या भागाला कलेचा आणखी एक इतिहास आहे. नवे यंत्र आले की कलावंताचे काय होते, कारागिराचे काय होते आणि त्या दोघांना सांभाळणाऱ्या संस्थांचे काय होते, हे पाहायचे असेल तर कृष्णाकाठच्या या पट्ट्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

सध्या संगणक आणि मोबाइल यांच्या संदर्भात दोन वाक्ये वारंवार ऐकू येतात. एक, यंत्र आले आणि कला बुडाली. दुसरे, यंत्र आले आणि कला घराघरांत पोचली. ही दोन्ही वाक्ये नवी नाहीत. ग्रामोफोन आला तेव्हा ती बोलली गेली, रेडिओ आला तेव्हाही बोलली गेली. म्हणून मी आज एकच धागा धरून थोडे मागे जाणार आहे. तो धागा आहे मिरजेच्या तंबोऱ्याचा.

मिरजेत तंतुवाद्ये बनवणारी जी घराणी आहेत, ती मूळची शिकलगारांची. तलवारी, भाले यांना धार लावणे, त्यांची डागडुजी करणे हा त्यांचा व्यवसाय. इंग्रजी अंमल स्थिरावला, संस्थानांच्या फौजा नावापुरत्या उरल्या आणि हत्यारांचे काम आटले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब नावाच्या कारागिराने सतार आणि तंबोरा दुरुस्त करता करता नवी वाद्ये घडवायला सुरुवात केली, असे तिथली परंपरा सांगते. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याचा शौक होता, दरबारात गवई येत होते, त्यांची वाद्ये दुरुस्तीला येत होती. पुढे 'सतारमेकर' हे आडनावच पडले. म्हणजे आज आपण जिला परंपरागत कला म्हणतो, तिची सुरुवातच एक जुने काम बंद पडल्यामुळे झाली आहे. हे ध्यानात ठेवले तर पुढचा विचार करताना उगाच गळा दाटून येत नाही.

तंबोरा कसा होतो, हे थोडक्यात सांगतो. त्याचा भोपळा मिरजेचा नाही. तो भीमेच्या खोऱ्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. खायच्या भोपळ्यापेक्षा हा वेगळा, कडू आणि जाड सालीचा. तो कित्येक महिने वाळवावा लागतो. मग तो कापून त्याला तुणीच्या लाकडाची तबली आणि दांडी जोडायची, नक्षी करायची, रंग-रोगण करायचे, खुंट्या बसवायच्या. इथवरचे काम हात बसलेला कोणीही सुतार मेहनतीने शिकू शकेल. खरे काम पुढे आहे. तबलीवर जी घोडी असते, जिच्यावरून चारही तारा जातात, तिचा माथा सपाट नसतो. त्याला अगदी किंचित उतार असतो. कानशीने तो उतार घासत घासत अशा ठिकाणी आणायचा की तार छेडल्यावर ती घोडीला स्पर्श करत थरथरली पाहिजे. मग तार आणि घोडी यांच्या मध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवायचा. तो जागेवर बसला की तारेचा आवाज उघडतो, त्यातून इतर स्वर उमटू लागतात, खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. याला म्हणतात जवारी. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर जो निबंध लिहिला, त्यात तंबोऱ्याची ही घोडी तारांच्या कंपनाचे नेहमीचे नियम कशी ओलांडते, याची नोंद आहे. रामन यांनी कारण सांगितले. मिरजेचा कारागीर ते कानाने करत होता.

जवारी कायमची नसते. वाजवून वाजवून तारांचे चरे घोडीवर उमटतात, पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि आवाज बसतो. मग पुन्हा कानस, पुन्हा दोरा. तंबोरा विकणारा आणि घेणारा यांचा संबंध त्यामुळे एका व्यवहारात संपत नव्हता. गवयाला वर्षा-दोन वर्षांनी त्या गल्लीत जावेच लागे. तिथे तो तासन्‌तास बसे, कारागिराला 'अजून थोडी उघडा', 'आता जरा बंद करा' असे सांगे. कारागिराचा कान गवयाने तयार केला आणि गवयाचा कारागिराने.

याच मातीत विसाव्या शतकाच्या आरंभी एक विलक्षण प्रयोग झाला. 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यांचे बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. आपल्या संगीतातल्या बावीस श्रुती नेमक्या कोणत्या, हे तारेची लांबी मोजून ठरवायचे त्यांनी मनावर घेतले. गाऊन दाखवायला त्यांना गळा मिळाला तो उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा. १९१० साली देवलांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने त्यांना साथ दिली आणि या मोजमापांप्रमाणे बावीस श्रुतींची बाजाची पेटी इंग्लंडमध्ये बनवून घेतली गेली. १९१६ च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ही पेटी विद्वानांपुढे आली. तिच्यावर वाद झाला आणि पेटी मागे पडली. गवयांचे म्हणणे असे की, रागात स्वर स्थिर उभा राहत नाही, तो कुठून आला आणि कुठे चालला यावर त्याची जागा ठरते. ध्वनीला आकड्यात बांधण्याची जी खटपट आज संगणक करतो, तिची एक सुरुवात सांगलीच्या परिसरात अशी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाली होती. ती फसली असे मी म्हणणार नाही. आकड्यात काय येते आणि काय निसटते, याची चर्चा तिने पहिल्यांदा उघडपणे करायला लावली.

अब्दुल करीम खाँ पुढे मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात त्यांचे निधन झाले, तरी त्यांची कबर मिरजेतच, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत सभा भरते आणि तिथे गायला मिळणे हा गायक आपला मान समजतात. तंबोरा लावण्याबद्दल खाँसाहेबांची ख्याती होती. ग्रामोफोनला मात्र त्यांनी नाकारले नाही. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत राग मांडायचा म्हणजे पोत्यातले धान्य वाटीत मावायला लावण्यासारखे. ते त्यांनी केले आणि त्यांचा सूर कर्नाटकापासून बंगालपर्यंत गेला.

त्यातली एक तबकडी गदगमध्ये एका शाळकरी मुलाच्या कानावर पडली. तो मुलगा १९३३ साली, अकराव्या वर्षी, गाणे शिकायचे म्हणून घर सोडून निघाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. या गोष्टीचा पहिला भाग सगळे सांगतात. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तबकडी ऐकून तो मुलगा घरी बसून तबकडीच ऐकत राहिला नाही. तो गुरू शोधत वणवण हिंडला आणि शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहिला, जे खुद्द अब्दुल करीम खाँचे शिष्य. तबकडीने ओढ लावली. गवई घडवला तो माणसाने, घरात ठेवून, पाणी भरायला लावून, वर्षानुवर्षे एकेक स्वर घासून. घोडी घासावी तसा.

रेडिओचे उदाहरण याहून गमतीचे आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने बाजाच्या पेटीवर बंदी घातली. पेटीचे सूर ठोकळेबाज आहेत, त्याने गळा बिघडतो, हे कारण. त्या वेळी पेटी हे परदेशातून आलेले यंत्र मानले गेले आणि रेडिओ हे यंत्र मात्र भारतीय संगीताचे रक्षक झाले! १९७१ साली ती बंदी सैल झाली. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले. संस्थाने विलीन झाल्यावर दरबारचा आश्रय गेला होता. तेव्हा महिन्याकाठी एखादा कार्यक्रम, ठरलेले मानधन आणि नावापुढे 'आकाशवाणी कलाकार' ही पदवी यांवर लहान गावांतल्या अनेक कलावंतांनी तग धरला. रेडिओने ध्वनी पसरवला, पण त्याचबरोबर चाचणी घेतली, श्रेणी दिली, पैसे दिले. हे नीट लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता संस्थांकडे येऊ. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर काही काळ मिरजेत होते. तिथे त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि त्या काळचे नवे तंत्र, म्हणजे छापखाना, कामाला लावला. स्वरलिपी छापली, क्रमिक पुस्तके छापली, वर्ग आणि परीक्षा सुरू केल्या. गुरूच्या घरातली विद्या कागदावर आणणे हा त्या काळात फार मोठा बदल होता आणि त्याला विरोधही झाला. त्यांच्या शिष्यांनी उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे कार्यालय आज मिरजेत आहे आणि देशभरातली मुले त्याच्या परीक्षांना बसतात. बाळकृष्णबुवांचे दुसरे शिष्य अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा. ते सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानात गवई होते. आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ त्यांनी १९४० साली औंधला संगीत महोत्सव सुरू केला. संस्थान गेले, अंतूबुवा गेले, त्यांचे पुत्र गजाननबुवा गेले, तरी दुष्काळी माण-खटाव पट्ट्यातल्या त्या गावात आश्विनात गाणे होते आणि लोक लांबून येऊन ऐकतात. संस्था म्हणजे काय, याचे हे उत्तर आहे.

या सगळ्या पार्श्वभूमीवर इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला. बंगळूरचे अभियंता आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास असे उपकरण बाजारात आणले. सुरुवातीला त्याचा आवाज विजेवर निर्माण केलेला, थोडा नाकातला वाटे. पुढे डिजिटल तंत्र आले, खऱ्या तंबोऱ्याचा आवाज मुद्रित करून तो एका चकतीएवढ्या जागेत साठवता येऊ लागला. २००८ नंतर खिशातल्या फोनवर ॲप आले आणि स्वतंत्र पेटीचीही गरज राहिली नाही. बटण दाबले की काळी एक, बोट सरकवले की पांढरी पाच. तबलाही त्यातच.

याने किती सोय झाली हे गायकालाच विचारावे. एस.टी.तून तंबोरा नेणे म्हणजे मांडीवर तान्हे मूल घेऊन जाण्यासारखे. चांगल्या तंबोऱ्याची किंमत अनेक हजारांत, ठेवायला जागा नाही, रियाजाला साथीला कोणी नाही. आटपाडीच्या किंवा दहिवडीच्या मुलीला पहाटे पाचला उठून सूर लावता येतो तो या यंत्रामुळे. तिला कोणी नावे ठेवू नयेत.

मग गेले काय? एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी परीक्षक होतो. मंचावर दोन तंबोरे ठेवलेले होते, चांगले, मिरजेचेच. पण दिवसभरात एकाही स्पर्धकाने त्यांना हात लावला नाही. सगळ्यांचा फोन माईकजवळ. एका मुलाच्या फोनवर मध्येच कोणाचा तरी कॉल आला आणि सूर थांबला. मुलगा गात राहिला, पण दोन आवर्तनांत त्याचा षड्ज खाली सरकला. नंतर मी त्याला म्हटले, 'अरे, मागे तंबोरे होते.' तो म्हणाला, 'सर, लावता येत नाहीत.' गाणे उत्तम शिकलेला मुलगा होता. त्याला गाणे येत होते, सूर मिळवणे येत नव्हते. तंबोरा मिळवताना वीस मिनिटे जी झटापट होते, ती वाया गेलेली वीस मिनिटे नाहीत, तोच पहिला रियाज आहे. तार किंचित चढी आहे की उतरी, हे ज्याला ओळखता येत नाही, तो स्वतःचा स्वर कसा ओळखणार?

आणि जे गायकाचे, तेच कारागिराचे. रियाजापुरता तंबोरा घेणारे गिऱ्हाईक कमी झाले, तसे जवारीला येणारेही कमी झाले. ॲपची जवारी बसत नाही. ती ज्याच्या तंबोऱ्यावरून घेतली, त्या एका कारागिराने एका दिवशी काढलेली असते आणि तीच लाखो ठिकाणी वाजते. पुढच्या कारागिराचा कान तयार करायला समोर कोणी बसलेला नसतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला संरक्षण मिळाले, हे चांगले झाले. इंटरनेटमुळे परदेशातला विद्यार्थी आज थेट मिरजेला वाद्य मागवू शकतो, हेही चांगले. पण मानांकनाने कानस धरणारा हात तयार होत नाही.

हीच गोष्ट कृष्णेच्या वरच्या अंगाला, वाईला, दुसऱ्या रूपात दिसते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईला उभे राहिले. पहिला खंड १९७६ साली आला, विसावा २०१५ साली. मधल्या काळात, २०११ साली, विश्वकोश इंटरनेटवर खुला झाला. ज्या जाडजूड खंडांसाठी तालुक्याच्या ग्रंथालयात जावे लागे, ते आज फोनवर वाचता येतात, तेही मोफत. मी स्वतः रोज वापरतो. पण त्या नोंदी फोनमध्ये उगवल्या नाहीत. विषयाचा तज्ज्ञ शोधायचा, त्याच्याकडून लिहून घ्यायचे, संपादकाने तपासायचे, पारिभाषिक शब्दावर तास-तास वाद घालायचा, पुन्हा लिहायचे, असे ते काम वाईच्या कार्यालयात अनेक दशके चालले. विश्वकोशाची जवारी तिथे काढली गेली. पुढच्या नोंदी लिहिणारी आणि तपासणारी माणसे तयार झाली तरच ते संकेतस्थळ जिवंत राहील.

डिजिटल साधनांची थोरवी मी कमी लेखत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली हजारो पुस्तके भिजून गेली. लगदा झालेल्या त्या पुस्तकांची छायाचित्रे ज्यांनी पाहिली, त्यांना जुने ग्रंथ, हस्तलिखिते, नाटकांच्या वह्या, मैफलींच्या ध्वनिफिती यांची संगणकीय प्रत का हवी, हे समजावून सांगावे लागत नाही. २०२० साली महामारीने सभागृहे बंद केली तेव्हा महाराष्ट्रभरच्या संगीत मंडळांनी मैफली पडद्यावर आणल्या. ते नसते तर ते वर्ष मुकेच गेले असते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, यंत्र तयार झालेली गोष्ट पसरवते. ती तयार करणारा माणूस घडवणे हे संस्थेचे काम आहे आणि ते यंत्रावर सोपवता येत नाही. विष्णु दिगंबरांनी छापखाना वापरला, पण त्याच वेळी मुले घरात ठेवून शिकवली. आकाशवाणीने सूर पसरवला, पण कलावंताला मानधनही दिले. आजच्या सांस्कृतिक संस्थांचा छपाईचा, टपालाचा, जाहिरातीचा खर्च फोनमुळे पुष्कळ वाचला आहे. वाचलेला तो पैसा कुठे जातो, हा प्रश्न प्रत्येक संस्थेच्या वार्षिक सभेत विचारला गेला पाहिजे.

करता येण्याजोग्या गोष्टी मोठ्या नाहीत. विशारदच्या विद्यार्थ्याने परीक्षकासमोर तंबोरा स्वतः लावल्याशिवाय त्याला गायला बसवू नये. मैफल भरवणाऱ्या मंडळाने वर्षातून एकदा मिरजेच्या कारागिराला बोलावून गावातल्या सगळ्या वाद्यांची जवारी काढून घ्यावी, त्याला गवयाइतक्याच सन्मानाने बिदागी द्यावी आणि मुलांना भोवती बसवावे. कारागिराच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाला दोन-तीन वर्षे विद्यावेतन मिळावे. आणि हे सगळे होत असताना कोणीतरी फोन उभा धरून त्याचे चित्रीकरणही जरूर करावे.

शिकलगारांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तलवार खाली ठेवून तंबोरा हातात घेतला, तेव्हा त्यांच्या हातातली कानस तीच होती. फक्त ती कानाच्या सांगण्यावरून चालू लागली. असा कान असलेली माणसे मिरजेत अजून आहेत. त्यांच्या शेजारी बसायला कोणी तरी गेले पाहिजे.